सार्डिनियाचा ला पेलोसा बीच: जाण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

इटलीतला सगळ्यात निळा बीच कुठला असं विचारलं तर फोटो बघून बहुतेक जण ला पेलोसाचंच नाव घेतात. आणि उन्हाळा जवळ आला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर त्याबद्दल तेच तेच प्रश्न सुरू होतात: तिकीट खरंच लागतं का, चटई कसली, आईबाबांना घेऊन जाता येईल का, जेवायचं काय. मी उत्तर इटलीत राहते आणि हा किनारा मला मनापासून आवडतो, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. थोडं लांबलंय, पण जाण्याआधी वाचाच.

हा बीच नक्की आहे कुठे?

सार्डिनिया बेटाच्या अगदी वायव्य टोकाला. गावाचं नाव स्तिंतिनो, जिल्हा सास्सारी. नकाशावर बघितलंत तर बेटाचा वरचा डावा कोपरा एखाद्या बोटासारखा समुद्रात घुसलेला दिसेल, त्याच्या टोकाशी कापो फाल्कोने नावाचं खडकाळ भूशिर आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला पेलोसा. समोर इझोला पियाना हे छोटं सपाट बेट, त्याच्यामागे असिनारा हे मोठं बेट. या दोन बेटांमुळे आणि भूशिरामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या मोठ्या लाटा इथपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून पाणी इतकं शांत. उथळ पाणी आणि खाली पांढरी बारीक वाळू, त्यामुळे तो फिकट हिरवा-निळा रंग दिसतो. फोटो एडिट केलेले असतील असं वाटतं ना, नसतात, निरभ्र दुपारी तो रंग खरंच तसाच असतो.

तिकीट लागतं हे खरं का? बीचला कसलं तिकीट?

हो, खरं आहे. उन्हाळ्याच्या सीझनमध्ये रोज 1500 च लोकांना आत सोडतात आणि त्यासाठी आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. दर माणशी 3.50 युरो, 12 वर्षांखालच्या मुलांना फुकट. ही पद्धत 2020 च्या उन्हाळ्यापासून सुरू झाली. सीझन म्हणजे साधारण मे च्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पण नेमक्या तारखा दर वर्षी नगरपालिका ठरवते, त्यामुळे विमानाची तिकिटं काढायच्या आधी स्तिंतिनोच्या अधिकृत साइटवर त्या वर्षीचं काय आहे ते बघाच. मागच्या वर्षी मैत्रीण गेली होती तिने असं सांगितलं, एवढ्यावर विसंबू नका.

बुकिंग झालं की क्यूआर कोड येतो. मोबाइलला रेंज गेली तर पंचाईत नको म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा. गेटवर तो दाखवायचा की आत. मुलं फुकट असली तरी बुकिंग करताना किती मुलं आहेत ते नीट भरा.

किती दिवस आधी बुक करू?

जून आणि सप्टेंबरमध्ये आठवड्यातल्या मधल्या वारी तितकी मारामारी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तारीख ठरली की लगेच साइट बघायला लागा. त्यातही 15 ऑगस्ट म्हणजे इथला फेर्रागोस्तो, अख्ख्या इटलीची सुट्टी, त्याच्या आगेमागे अख्खी इटली समुद्राकाठी असते. आपल्या स्वातंत्र्यदिनाला जोडून लाँग वीकेंड मिळतो म्हणून बरेच जण तेव्हाच प्लॅन करतात, मी तर म्हणेन की हमखास टाळावा असा आठवडा आहे तो, हॉटेलं महाग, रस्ते तुंबलेले, पार्किंग नाही.

1500 च का? बीच तर सगळ्यांचाच असतो ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी नेहमी थोडं सविस्तर सांगते, कारण एकदा हे कळलं की बाकीचे नियम आपोआप पटतात.

पेलोसाची वाळू कमी होतेय. बीच मुळात छोटा, काही शे मीटरचा. त्याच्या मागे वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांच्यावर गवत आणि रानटी जुनिपरची झुडपं. अशा टेकड्या म्हणजे किनाऱ्याची शिल्लक असते, हिवाळ्यातल्या वादळात समुद्र वाळू ओढून नेतो आणि मग या साठ्यातली वाळू खाली येऊन ती भरपाई करते. कोकणात आपल्या किनाऱ्यावर मर्यादावेल वाळू धरून ठेवते, इथे ते काम हे गवत करतं. पेलोसाला मात्र या टेकड्यांना चिकटून डांबरी रस्ता बांधला गेला आणि ही देवाणघेवाण बिघडली. त्यात दर उन्हाळ्यात हजारो माणसं टेकड्यांवरून चालणार, ओल्या टॉवेलला, पायाला, पिशव्यांना चिकटून वाळू घरी जाणार. एका टॉवेलला मूठभरच चिकटते, पण रोजचे हजारो टॉवेल आणि असे कित्येक उन्हाळे, हिशोब तुम्हीच करा. मर्यादा येण्याआधी ऑगस्टमध्ये इथे पाय ठेवायला जागा नसायची.

त्यामुळे 1500 हा आकडा मला तरी अन्यायाचा वाटत नाही. उलट आत गेल्यावर जरा मोकळं बसता येतं, पाण्यात मुलं दिसत राहतात, आणि आपल्यानंतर येणाऱ्यांना पण हा बीच बघायला मिळेल. साडेतीन युरोत हे सगळं म्हणजे काहीच नाही.

चटईचं काय प्रकरण आहे?

टॉवेल थेट वाळूवर टाकायला बंदी आहे. खाली चटई हवीच, तिला इथे स्तुओया म्हणतात. कारण वर सांगितलं तेच, ओल्या टेरीच्या टॉवेलमध्ये वाळू अडकते, चटईवरून ती झटकली की खाली पडते. विणलेली, गुळगुळीत चटई घ्या. आपल्याकडची प्लॅस्टिकची घडीची चटई असते ना, ती चालते, वजनाला हलकी आहे, बॅगेत टाकून आणलीत तर उत्तम. नाहीतर स्तिंतिनोत आणि बीचच्या आसपासच्या दुकानांत मिळते. तपासणारी माणसं फिरत असतात आणि दंड होतो, त्यामुळे "एक दिवसासाठी कशाला" असं करू नका. आणि दंड नसता तरी आणायलाच हवी होती असं माझं मत.

अजून कुठले नियम?

बीचवर सिगारेट ओढता येत नाही, ठरवून दिलेल्या जागा सोडून. सीझनमध्ये कुत्रे आणता येत नाहीत. शॉवरखाली साबण-शाम्पू वापरायचा नाही. टेकड्यांवर चढायचं नाही, दोऱ्या लावल्यात त्याच्या पलीकडे फोटोसाठी सुद्धा नाही, लाकडी पायवाटेवरूनच जायचं. निघताना पाय आणि सामान झटकून, धुऊन निघायचं. कचरा आपला आपण न्यायचा. एवढंच, यात कठीण काही नाहीये.

आठवण म्हणून बाटलीभर वाळू किंवा शिंपले आणले तर?

अजिबात नको. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडच्या लोकांना हे माहीतच नसतं. सार्डिनियात 2017 च्या कायद्याने वाळू, गोटे, शिंपले नेण्यावर 500 ते 3000 युरो दंड आहे. एअरपोर्टवर आणि बोटीच्या धक्क्यावर सामान तपासतात. 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत प्लॅस्टिकच्या बाटल्यांमध्ये भरलेली सुमारे 40 किलो वाळू सापडली होती, तीही इथूनच जवळच्या पोर्तो तोर्रेस बंदरात बोटीत चढताना, वाळू होती बेटाच्या दक्षिणेकडच्या किया नावाच्या किनाऱ्यावरची. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, जगभर बातम्या आल्या.

याच बेटाच्या ईशान्येला बुदेल्ली म्हणून एक छोटं बेट आहे, तिथला गुलाबी वाळूचा किनारा लोकांनी इतका लुटला की 1994 पासून तिथे पाऊल ठेवायलाच बंदी आहे, आता बोटीतून लांबूनच बघायचं. पेलोसाचं तसं होऊ नये असं मला फार वाटतं. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा, त्यांच्या खिशात शिंपले असतातच, निघायच्या आधी खिसे रिकामे करून सगळं परत वाळूवर ठेवायला लावा.

मुंबई-पुण्याहून तिथे पोचायचं कसं?

सरळ विमान नाही. रोम किंवा मिलानला उतरायचं आणि तिथून देशांतर्गत विमानाने आल्गेरो-फेर्तिलिया एअरपोर्ट, हा बीचपासून साधारण 50 किलोमीटरवर, गाडीने तासाभरात पोचता. ओल्बिया एअरपोर्टही सार्डिनियातच आहे पण तो बेटाच्या दुसऱ्या बाजूला, तिथून दोन तासांच्या वर ड्राइव्ह आहे, स्वस्त तिकीट बघून फसू नका, ते अंतर धरून हिशोब करा.

दुसरा पर्याय बोट. जेनोवाहून रात्री निघालं की सकाळी पोर्तो तोर्रेस, तिथून स्तिंतिनो 30 किलोमीटर. युरोपातच राहत असाल आणि स्वतःची गाडी असेल तर हा प्रवास खरंच मस्त आहे, केबिन घ्या, झोप होते, सकाळी डेकवर उभं राहिलात की उजवीकडे असिनारा दिसायला लागतं.

गाडी भाड्याने घ्यावीच लागते का?

कुटुंब बरोबर असेल तर घ्याच. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आरटीओतून निघण्याआधीच काढा, इथे आल्यावर मिळत नाही. क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं हवं, डिपॉझिट त्यावर अडकवतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, हव्या असतील तर लवकर बुक करा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, पहिला तासभर शेजारी बसलेल्याने पण लक्ष ठेवायचं.

पार्किंगचं गणित सोपं आहे: निळ्या रेषा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे राखीव, तिथे लावायचीच नाही. बीचच्या तिकिटात पार्किंग येत नाही, त्याचे वेगळे पैसे. पेलोसाजवळच्या जागा सकाळी लवकर भरतात, त्यापेक्षा गावात गाडी लावून उन्हाळ्यात चालणाऱ्या बसने गेलेलं बरं. आणि आल्गेरोत राहत असाल तर तिथल्या जुन्या गावात गाडी घालू नका, काही भागात फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत भारतात येतं.

गाडीशिवाय?

जमतं, पण घड्याळ बघत बसावं लागतं. स्तिंतिनोला रेल्वे नाही. सास्सारी आणि पोर्तो तोर्रेसपर्यंत ट्रेन, पुढे एआरएसटी म्हणजे सार्डिनियाच्या सार्वजनिक बससेवेची बस. बसचं तिकीट आधी काढून ठेवायचं, तंबाखूच्या दुकानात किंवा बारमध्ये मिळतं, इथला बार म्हणजे कॉफीचं दुकान, घाबरू नका. रविवारी आणि सणाच्या दिवशी गाड्या खूप कमी होतात. परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे जाण्याआधीच बघून ठेवा, टॅक्सी सहज मिळेल असं गृहीत धरू नका.

व्हिसा?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, तोच इटलीभर आणि सार्डिनियातही चालतो, बेटासाठी वेगळं काही नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करा. युरोपातल्या दुसऱ्या देशाचं रेसिडन्स कार्ड असेल तर ते आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा, देशांतर्गत विमानाला सुद्धा.

कुठल्या महिन्यात जावं?

माझं उत्तर ठरलेलं आहे, जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. जूनमध्ये दिवस मोठा, नऊ वाजेपर्यंत उजेड, गर्दी आटोक्यात, पण पाणी अजून जरा गार असतं, आपल्याकडच्या समुद्राची सवय असेल तर पहिल्यांदा आत शिरताना चांगलंच जाणवतं. सप्टेंबरमध्ये उलट, उन्हाळाभर तापलेलं पाणी असतं आणि इटलीतल्या शाळा सुरू झालेल्या असतात त्यामुळे किनारे रिकामे व्हायला लागतात. पोहण्यासाठी जाणार असाल तर सप्टेंबर. मे मध्ये आपल्या मुलांना सुट्टी असते हे खरं, तेव्हा बीच बघायला सुंदर आहे, फिरायला सुंदर आहे, पण पाण्यात डुंबायची अपेक्षा ठेवून येऊ नका.

वारा असतो म्हणतात?

असतो. माएस्त्राले म्हणजे वायव्येकडून येणारा वारा, सार्डिनियात सगळ्यांच्या बोलण्यात हाच. सुटला की दोन-तीन दिवस राहतो. पेलोसा बऱ्यापैकी आडोशाला आहे तरी वाळू अंगावर उडते आणि छत्री धरून बसावं लागतं. म्हणून एकाच दिवसासाठी येऊ नका, निदान तीन-चार दिवस या भागात ठेवा म्हणजे चांगला दिवस निवडता येतो. आणि हे नक्की लक्षात ठेवा: वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तेव्हा पाणी आरशासारखं सपाट दिसतं आणि सगळ्यांना वाटतं आज एकदम सेफ आहे, पण त्याच दिवशी फुगवलेली गादी, ट्यूब, प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो मुलाला घेऊन भराभर आत जातो आणि हाताने वल्हवून परत येता येत नाही. वारा असला की हवेच्या वस्तू पाण्यात न्यायच्या नाहीत, यावर घरात चर्चा नको.

पोहता येत नाही, चालेल का? लहान मुलं, आजी-आजोबा?

चालेल, आणि यासाठीच मला हा बीच इतका आवडतो. उतार अगदी मंद आहे, बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या आसपास असतं. आणि भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, फरक असतो तो वीतभराचा. अलिबाग-गुहागर-हरिहरेश्वरला आपण भरतीची वेळ बघून उतरतो, ती भीती इथे नाही. ज्यांनी आयुष्यभर समुद्र काठावरूनच बघितला अशा सासूबाईंना मी इथे हात धरून कमरेएवढ्या पाण्यात नेलं होतं, पाय दिसत होते खाली, त्या तासभर बाहेर यायला तयार नव्हत्या.

तरी लहान मुलांवरची नजर हलवायची नाही, उथळ पाण्यातही अपघात होतात. लाइफगार्डच्या चौकीवर पांढरा झेंडा असेल तर ठीक, लाल असेल तर पाण्यात जायचं नाही, पिवळा म्हणजे जोराचा वारा, छत्र्या मिटा. काही झालं तर 112, आणि समुद्रातली अडचण असेल तर कोस्टगार्डचा 1530.

आजी-आजोबांसाठी एक गोष्ट: रस्त्यावरून खाली उतरावं लागतं आणि वाळूत खुर्ची मिळेल याची खात्री नाही. घडीची छोटी खुर्ची बरोबर घ्या. सावली नैसर्गिक अशी नाहीच.

काय काय बरोबर न्यायचं?

चटई (परत सांगतेय), स्वतःची छत्री, भरपूर पाणी, टोपी, सनस्क्रीन, गॉगल. सार्डिनियाचं जुलैचं ऊन हलकं समजू नका, वारा असल्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी खांदे लाल झालेले असतात, आपला रंग सावळा आहे म्हणून काही होत नाही हा समज सोडा. रबरी तळाचे पाण्यातले बूट घेतलेत तर छान, कारण बीचसमोर जो जुना दगडी बुरूज आहे त्याच्याजवळच्या खडकांवर समुद्री साळिंदरं म्हणजे काटेरी अर्चिन असतात. आणि वाळूत कधीकधी त्राचिना नावाचा छोटा मासा दडलेला असतो, त्याचा काटा पायाला लागला की भयंकर ठणकतं. तेव्हा बर्फ नाही लावायचा, सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्याचं विष उष्णतेने निकामी होतं. लाइफगार्डला सांगा, त्यांना हे रोजचं आहे. पोहण्याचा गॉगल किंवा स्नॉर्केल जरूर न्या, पाणी इतकं स्वच्छ असतं की चार पावलांवर मासे दिसतात.

काय घालायचं? सगळ्यांनी बिकिनीच घालायची का?

तुम्हाला हवं ते घाला. फुल बाह्यांचा स्विमसूट, लेगिंग आणि टीशर्ट, काहीही, कोणी बघत नाही. फक्त बीचवरून गावात जाताना अंगावर कपडे चढवा, उघड्या अंगाने दुकानात किंवा चर्चमध्ये गेलेलं इथे आवडत नाही. जीन्स घालून पाण्यात मात्र जाऊ नका, ओली जीन्स जड होते आणि पोहता न येणाऱ्याला धोक्याची ठरते.

किनाऱ्यावर काळपट-तपकिरी गवताचे ढीग दिसले, घाण आहे का?

नाही हो, ती पोसिडोनिया आहे. शेवाळ नव्हे, चक्क फुलं-फळं येणारी वनस्पती, फक्त भूमध्य समुद्रातच वाढते. समुद्राच्या तळाशी तिची कुरणं असतात, माशांची पिल्लं तिथे वाढतात, आणि वाळलेली पानं किनाऱ्यावर येऊन पडली की लाटांचा मार अडवतात आणि वाळू धरून ठेवतात. म्हणजे ज्या बीचवर हे ढीग आहेत त्याची तब्येत चांगली आहे असं समजा. वास येतो थोडा, पण पाय ठेवला तर मऊ लागतं.

तो समोरचा दगडी बुरूज कसला? तिथे चालत जाता येतं?

तोर्रे देल्ला पेलोसा, 1578 साली बांधलेला टेहळणी बुरूज. तेव्हा सार्डिनियावर स्पेनचं राज्य होतं आणि उत्तर आफ्रिकेतून येणारे चाचे किनाऱ्यावरची गावं लुटायचे, माणसं पकडून गुलाम म्हणून विकायचे. त्यांच्यावर नजर ठेवायला बेटाच्या किनाऱ्यावर असे बुरूज उभे केले. हा एका छोट्याशा खडकाळ बेटावर आहे आणि मधलं पाणी उथळ आहे, शांत दिवशी पाण्यातून चालत पलीकडे जाता येतं. फोटो पलीकडून सुंदर येतात, अख्खा बीच दिसतो. फक्त बुरुजाच्या दगडांवर चढू नका.

बुरुजाच्या बाजूला जो छोटा किनारा आहे तो पेलोसेत्ता. मोठ्या बीचपेक्षा मला खरं तर तो जास्त आवडतो.

शाकाहारी आहोत, खायचं काय? जवळ काय मिळतं?

बीचजवळ सँडविच, पिझ्झाचे तुकडे, आइस्क्रीम, कॉफी मिळते आणि सीझनमध्ये भाव चढे असतात. डबा आणलात तर सगळ्यात चांगलं, थेपले, पोळीभाजीचे रोल असं कोरडं, फक्त कचरा परत न्यायचा.

गावात जेवायला बसलात तर मेनू माशांचाच असणार. शाकाहारींनी कुलुर्जोनेस मागा, बटाटा, पेकोरिनो चीज आणि पुदिन्याचं सारण भरलेला पास्ता, वरची कडा गव्हाच्या लोंबीसारखी मुरडलेली, करणारीचा हात बघण्यासारखा असतो. सॉस साध्या टोमॅटोचाच आहे ना तेवढं विचारून घ्या. पाने काराझाऊ म्हणजे पापडासारखी पातळ कुरकुरीत रोटी, मेंढपाळ ती बरोबर घेऊन जायचे कारण खूप दिवस टिकते. गोड म्हणून सेआदास, चीज भरून तळलेली आणि वर मध, पण पारंपरिक पद्धतीत पिठात डुकराची चरबी घालतात, शाकाहारी असाल तर विचाराच. पेकोरिनोमध्येही प्राणिजन्य विरजण असतं, कडक पाळणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. आणि सास्सारी शहरात गेलात तर फाइने शोधा, हरभऱ्याच्या पिठाची, ओव्हनमध्ये भाजलेली, वर मिरपूड आणि हवा तर कांदा. चीज नाही, अंडं नाही, आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. फक्त तिथली फाइनेची दुकानं संध्याकाळची आणि थंडीच्या दिवसांतली जास्त, आधी फोन करून जा.

दुपारी साधारण एक ते चार-पाच दुकानं बंद असतात आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. मुलांना भूक लागते म्हणून खाऊ जवळ ठेवा. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी थोडे पैसे लावलेले दिसतील, ते टेबलावर बसण्याचे पैसे आहेत, फसवणूक नाही.

संध्याकाळी गेलं तर तिकीट लागतं का? सूर्यास्त कसा दिसतो?

तिकिटाची वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 6. त्याच्या आधी आणि नंतर जाता येतं, चटई आणि बाकीचे नियम तेच. जूनमध्ये सहानंतर चांगले तीन तास उजेड असतो, पाणी दिवसभर तापलेलं असतं, गर्दी निघून जात असते, ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांच्यासाठी तर हे सोन्यासारखं आहे. फक्त समुद्रात बुडणारा सूर्य इथे दिसणार नाही, बीचचं तोंड पूर्वेकडे आहे आणि सूर्य मागच्या भूशिराआड जातो. समुद्रातून वर येणारा सूर्य बघायचा असेल तर पहाटे या. आणि लाइफगार्डची वेळ संपल्यावर पाण्यात जाताना जास्त जपा.

एवढ्या लांब येऊन फक्त बीचच बघायचा का?

नाही, असिनारा बघाच. 1885 साली इटलीच्या सरकारने त्या बेटावर कैद्यांची वसाहत आणि आजारी प्रवाशांना वेगळं ठेवायची जागा करायचं ठरवलं आणि तिथे राहणाऱ्या 45 कुटुंबांना बेट सोडावं लागलं, त्यांनीच पलीकडच्या किनाऱ्यावर येऊन स्तिंतिनो गाव वसवलं. म्हणजे ज्या गावात तुम्ही कॉफी प्याल ते विस्थापितांचं गाव आहे. धरणामुळे गाव सोडावं लागलेल्यांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकलेल्या असतात, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला ते गाव एकदम वेगळं दिसायला लागलं.

पुढे तिथे कडक बंदोबस्ताचा तुरुंग झाला. 1985 मध्ये माफियाविरुद्धच्या मोठ्या खटल्याची तयारी करताना जीवाला धोका होता म्हणून न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो यांना कुटुंबासह काही आठवडे याच बेटावर ठेवलं होतं. पुढे 1992 मध्ये दोघांचीही हत्या झाली. ते राहिले ते छोटंसं घर काला दोलिव्हा इथे अजून आहे. बेट 1997 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पांढरी गाढवं मोकळी फिरतात, अगदी पांढरीशुभ्र, निळसर डोळ्यांची. त्यांना खायला घालू नका. स्तिंतिनोहून आणि पोर्तो तोर्रेसहून बोटी जातात, आत सायकल किंवा गाइडबरोबर गाडीने फिरता येतं, एक अख्खा दिवस ठेवा आणि पाणी-खाणं बरोबर न्या.

शिवाय आल्गेरोचं जुनं गाव, आणि त्याच्याजवळ कापो काच्चाच्या कड्यावरून 654 पायऱ्या उतरून जायची नेपच्यूनची गुहा. समुद्र खवळलेला असेल तर गुहा बंद ठेवतात. गुडघे दुखत असतील तर आल्गेरोहून बोटीने जा.

सगळं केलं तरी तिकीट मिळालंच नाही तर?

मग संध्याकाळी सहानंतर पेलोसा, आणि दिवसा दुसरे किनारे, आसपास कमी नाहीत. स्तिंतिनोच्या दक्षिणेला ले सालिने आणि पुढे एत्झी मान्नू, तिथे बारीक पांढऱ्या खड्यांसारखी वाळू आहे आणि जागाच जागा. पोर्तो तोर्रेसच्या पूर्वेला प्लातामोना, मागे झाडी असलेला लांबच लांब किनारा, सास्सारीची मंडळी रविवारी तिथेच असतात. आल्गेरोत राहत असाल तर मारिया पिया, पाइनच्या झाडांची सावली आहे आणि पाणी उथळ, लहान मुलांसाठी मी पेलोसाच्या खालोखाल हाच सांगेन, आणि थोडं पुढे ले बोम्बार्दे. पोहायला चांगलं येत असेल तर बोम्बार्दे, मुलं लहान असतील तर मारिया पिया. चटई तिथेही बरोबर न्या, सक्ती नसली तरी.